हळद लागलेली मासळी

हंबीरराव फौजेतनं सुटून आला तो एक खोड घेऊनच आला. रसद जाईल ती आपल्याच हातनं गेली पाहिजे. फौजेत बर्फातल्या चौक्यांवर त्यानं मटण पोचवलेलं. साताऱ्यात आल्यावर टेम्पो घेतला, मागं गोठवायची पेटी बसवली आणि महाबळेश्वरच्या एका मोठ्या हाटेलाला कोंबडी-मासळी द्यायला लागला. रोज सकाळी तिथला आचारी फोन करायचा, "आबा, मासळी कुठवर आली?" या एका वाक्यावर हंबीररावाचा दिवस चांगला जायचा. पेन्शनपेक्षा त्याला ते वाक्य मोठं.

मग त्याच्या चुलतभावानं, जयराजनं, परदेशी मासळी आणून त्याच हाटेलाला द्यायला सुरुवात केली. व्हिएतनामचा बासा. काटा न्हाई, कातडं न्हाई, सगळे तुकडे एका मापाचे. जयराज तसा हंबीररावापेक्षा बराच धाकटा, आणि डोकं त्याचं बेताचंच. डोकं होतं ते त्याच्या बायकोचं. क्रांती लग्नाआधी न्हावाशेव्याच्या बंदरात कस्टमच्या एजंटाकडं कामाला होती. बाहेरून आलेला माल जकातीच्या पुस्तकात कुठल्या खणात बसतो, ते ठरवायचं तिचं काम. आता ती तेच घरात बसून करायची. मुंबईची माणसं तिला फोन करून इचारायची, आणि भिंतीला भिंत लागून असल्यानं हंबीररावाला ते सगळं ऐकू यायचं.

पोटात जळायचं त्याच्या. जयराजच्या घरात एसी लागला की आपला दिवा मंद झाला म्हणून तो वायरमनला बोलवायचा. जयराजच्या वास्तुशांतीला दोन पंगतीत जेवला आणि बाहेर येऊन बासुंदी पातळ होती म्हणाला. एकदा बायकोला, साळूबाईला म्हणाला, "जयराजची बायको बघ जरा."

"बघितली. तिचा नवराबी बघितला," साळूबाई म्हणाली. "अजून काय काय बघायला लावताय?"

त्यानंतर त्यानं घरात तो विषय काढला न्हाई.

गेल्या साली हाटेलच्या मॅनेजरनं निरोप धाडला, की उन्हाळ्याच्या हंगामापासून मासळी एकाच्याच हातनं घेणार, आणि ती बिनकाट्याची पाहिजे. म्हंजे जयराज न्हाईतर हंबीरराव. हंबीररावानं मुंबईचा एक एजंट धरला, साध्या गोठवलेल्या मासळीचा परवाना काढला आणि दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या कंटेनरमधी आपलाबी बासा मागवला.

पण जयराजचा बासा आणि आपला बासा सारखाच, मग आचारी आपलं नाव का घेईल? हा किडा त्याच्या डोक्यात वळवळत राहिला. एक दिवस साळूबाई मासळीला हळद, मीठ, तिखट चोळत बसली होती, ते त्यानं बघितलं आणि उठलाच. एजंटाला फोन लावला आणि माल तिकडंच हळद-तिखट लावून गोठवायला सांगितला. आचाऱ्यानं पिशवी फोडायची आणि तुकडा तव्यावर टाकायचा. एजंट म्हणाला, जमंल. क्रांतीला एक शब्द इचारायचं त्याच्या मनात आलं होतं, न्हाई असं न्हाई. पण तिला कळलं की जयराजला कळणार, आणि जयराज उद्याच्याला तेच करणार.

माल बंदरात आला आणि तिथंच बसला. खोकं उघडलं तर मासळी पिवळीजर्द. कागद साध्या मासळीचे. एजंटानं हात वर केले. आठवडाभर हंबीरराव मुंबईच्या नावानं शिव्या देत फिरला, आणि शेवटी टोपी घालून शेजारच्या दारात उभा राहिला. जयराज घरात नव्हता, ते आधी बघून घेतलेलं.

क्रांतीनं पाणी दिलं, कागद बघितले आणि सावकाश समजावून सांगितलं. मासळी ताजी असो, गोठवलेली असो, वाळवलेली, खारवलेली, अगदी धुरी दिलेली असली, तरी ती पुस्तकात एकाच ठिकाणी राहती. कोळंबी टरफलासकट उकडली तरी तिथंच. टरफल काढून उकडली, मासळीला पीठ लावलं, मसाला चोळला, की ती तयार खाण्यात गेली. तो धडा येगळा, त्याची कागदपत्रं येगळी. मटणाचंबी असंच.

"पर कच्चीच हाय की गं ती," हंबीरराव म्हणाला. "हळद लावली म्हणून काय नवरी झाली?"

"झाली की, आबा. हळद लागल्यावर घर बदलतंयच. मला इचारा."

हंबीररावाला हसू आलं होतं, पण त्यानं ते गिळलं. इतकं सोपं, आणि ते भिंतीपलीकडं होतं.

क्रांतीनं कागद दुरुस्त करून दिले. दंड भरला, परवाना नवा काढला, तवा कुठं माल सुटला. तोवर वर महाबळेश्वरात धुकं आणि पाऊस, हाटेलं अर्धी बंद. हंगाम जयराजनं मारला होता. हंबीररावानं ती पिवळी मासळी साताऱ्यातच स्वस्तात काढली. बायका घरी नेऊन हळद खळाखळा धुवायच्या आणि आपल्या हाताची लावायच्या. साळूबाईनंबी धुतली, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत.

थंडीत जयराजच्या ड्रायव्हरनं केळघर घाटात दोनदा गाडी घासली. जयराज इचारायला आला, भाड्यानं टेम्पो देता का, आबा. हंबीररावानं त्याला बराच येळ उभा ठेवला आणि हो म्हणाला. चालवणार मात्र मीच, म्हणाला. साळूबाईला वाटलं, मिटलं बरं का. कशाचं मिटतंय. अजूनबी जयराजच्या खोक्यांवरची नावं दिसू नयेत म्हणून तो वर आपली ताडपत्री टाकतो.

वळणावर फोन वाजतो. आचारी इचारतो, "आबा, जयराजशेठची मासळी कुठवर आली?"

"माझा टेम्पो केळघर घाटात हाय," हंबीरराव सांगतो आणि फोन ठेवतो.