हलकी पाटी

माझी पाठ कशाने गेली, हे मी कोणाला पटकन सांगत नाही. ऑफिसात कॉम्प्युटरचं कारण पुरतं. मान कॉम्प्युटरने धरली, ते खोटंही नाही. पण कंबर गेली ती बाबांना उचलून. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली तेव्हापासून सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये आणि मग परत, हे काम माझ्याकडे आहे. माणूस ठेवून पाहिला. परक्याने अंगाला हात लावला की बाबा डाव्या हाताने फटका द्यायचे. दोघे पळाले, तिसरा आलाच नाही.

कोपरीतल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला व्यायाम लिहून दिले. गुडघे दुमडून कंबर उचलायची, ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करायची, हनुवटी मागे ओढून धरायची.

"रोज करायचं. आणि वजन उचलणं एकदम बंद."

"वजन म्हणजे माझे वडील आहेत," मी म्हणालो.

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "निदान व्यायाम तरी चुकवू नका."

कोलशेतला घरी येऊन हे सगळं मी बायकोला सांगितलं, तेही बाबांच्या पलंगाशेजारी उभा राहून. बाबांचं बोलणं अडखळतं, तर त्यांना ऐकूही येत नसावं, असं आम्ही वागतो. मूर्खपणा, दुसरं काय!

चटई त्यांच्याच खोलीत मावायची, म्हणून व्यायाम तिथेच. मी कंबर उचलली की पलंगावरून हुकूम यायचा, "आजून वर!" आणि मग हसणं. त्यांना हसू येणारच. त्यांची तरणी वर्षं मिठागरात गेली, डोक्यावरून मीठ वाहण्यात. लहानपणी ते मला तिथल्या गोष्टी सांगायचे. एखाद्या गड्याची कंबर धरली असेल, तर पाटी भरणारा त्याच्या पाटीत दोन फावडी मीठ कमी टाकायचा. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. उचलणाऱ्याला वाटायचं, आज आपल्याला बरं आहे.

दोन महिन्यांत मलाही बरं वाटू लागलं. मान वळायला लागली. वाकून मोजे घालता येऊ लागले. बाबांना उचलताना कमरेत सणक यायची, ती थांबली. मी ऑफिसात दिसेल त्याला हनुवटी मागे ओढायला शिकवू लागलो. बायको म्हणाली, "अरे, दोन महिने झाले नाहीत तर लगेच डॉक्टर झालास का?" मी तिलाही चटईवर बसवलं.

मग एका रविवारी बाबांची दाढी करताना गालाची कातडी ताणायला गेलो, तर ती बोटांत नुसतीच आली. आत गालच नव्हता. बनियनच्या बाहीतून दंड पाहिला. रोज याच माणसाला मी कवेत घेत होतो आणि मला कळलं नव्हतं.

बायको म्हणाली, त्यांचं ताट तर रोज स्वच्छ परत येतं. दुपारी मी दाराआड थांबलो. बाबांनी तांदळाची भाकरी डाव्या हाताने मोडली, चतकोर खाल्ली आणि उरलेली खिडकीच्या गजांतून कावळ्यांना टाकली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"मना भूक नाय."

"खोटं बोलू नको."

ते बराच वेळ जिभेशी झगडले. मग म्हणाले, "तुजी कंबर... पाटी हलकी बरी."

मी ओरडलो. मग हात जोडले. पाठ पूर्ण बरी झाली म्हणून आईची शपथ घेतली, ती खोटी होती हे त्यांनी ओळखलं. आता आम्ही दोघं समोर बसून भरवतो. चार घास घेतात आणि दात आवळून धरतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं टॉनिक उशीवर ओघळतं. लहान मूल असतं तर नाक दाबून पाजलं असतं. वडिलांना कसं पाजायचं?

व्यायाम मी चुकवत नाही. कंबर मुद्दाम जास्त वर उचलतो, म्हणजे त्यांना दिसावं. ते आता "आजून वर" म्हणत नाहीत, नुसते बघतात.

आज सकाळी त्यांना उचललं. काहीच दुखलं नाही. खुर्ची पुढ्यात होती, पण मी त्यांना तसंच छातीशी धरून उभा राहिलो आणि रडलो. त्यांनी डाव्या हाताने माझी कंबर चाचपली.