मूतखड्यांच्या मॅडम

आमच्या मॅडमना वाईट बातमी चटकन पटायची. चांगली आली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. प्रयोग जमला म्हणत कुणी हसत आत आलं, की त्या मान वर न करता विचारायच्या, "कुठं चुकलास?"

पाचोडकडच्या शेतकरी घरातली ही बाई स्फटिकांवर डॉक्टरेट करून आली, तेव्हा आमच्या विभागात स्फटिक म्हणजे फोटोत चकाकणारी वस्तू. यांनी दवाखान्यातून रुग्णांचे मूतखडे डबीत घालून आणले आणि तसलेच खडे काचेच्या नळ्यांत, जेलीसारख्या थिजलेल्या जेलमध्ये वाढवायला घेतले. मूतखडाही स्फटिकच, तो कसा वाढतो ते कळलं तर थांबवायचा कसा तेही कळेल, एवढं साधं म्हणणं. सहकारी नाक मुरडायचे. त्याही कमी नव्हत्या. नळ्यांना धक्का लागला की स्फटिक बिघडतात, म्हणून खोलीची किल्ली कायम कमरेला, आणि झाडूवाल्या मावशींपासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांवर सारखाच संशय.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत असताना माझ्या आईला मूतखडा झाला. कुणीतरी शहागंजच्या बाजारातून काढा आणून दिला आणि आठवड्याभरात तिची कळ थांबली. मी तोच काढा प्रयोगशाळेत नेऊन निम्म्या नळ्यांत घातला. त्या नळ्यांत एकही खडा धरला नाही! आई आणि पीएच.डी., दोन्ही एका बाटलीत सुटल्या असं वाटून मी नाचतच मॅडमकडे गेले.

त्यांनी काढ्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली. "आंबट हाय लई. आता एवढंच आंबट चिंचेचं पाणी कर, अन् ते घालून बघ."

चिंचेच्या नळ्यांतही खडे धरले नाहीत.

"बघ. काढ्याची करामत नाय ही, आंबटाची. पोटात गेल्यावर ते आंबट खड्यापर्यंत पोचतंच कशावरून?"

मी रडकुंडीला आले. "पण मॅडम, आईचं दुखणं थांबलंय ना!"

त्यांनी हातातली नळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दुखणं थांबलं. खडा गेला असं कुणी सांगितलं? पडलेला पाहिलास? उद्याच्या उद्या सोनोग्राफी कर."

मला संताप आला. माझ्या आईचं बरं होणंसुद्धा या बाईला बघवत नाही! तरी नेलं आईला. खडा होता तिथंच होता. वाट अडून मूत्रपिंड सुजलं होतं, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंड गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशननंतर मॅडम छावणी भागातल्या आपल्या घरून रिक्षा करून भेटायला आल्या. आईनं त्यांचे हात धरले. "बाई, तुमच्यामुळं वाचले मी."

"आत्ताच म्हणू नका," मॅडम म्हणाल्या. "परत एकदा सोनोग्राफी करा, मग बघू." जाताना सलाइनच्या बाटलीवरचं औषधाचं नाव वाचून गेल्या. आईला त्या फार आवडल्या.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. सकाळी त्यांच्या भाच्याचा फोन आला. आई मेथी निवडत होती. तिला सांगितलं, तरी तिचे हात थांबले नाहीत.

"कुणी सांगितलं?"

"भाच्यानं."

"त्यानं सोता पाह्यलं का? ऐकीव नको. परत फोन लाव, नीट इचार."

मी परत फोन लावला. पलीकडे घंटा वाजत होती तोवर वाटत राहिलं, खरंच कुणाची तरी चूक झालेली असू दे.