खोगिराला खोबरेल

आमच्या सईच्या पहिल्या हॉर्स शोच्या दिवशी मी घोड्याला हातही लावला नव्हता. मी फक्त खोगिराला लावला.

सई तेरा वर्षांची. इथे अमेरिकेत, नेपरव्हिल गावाबाहेरच्या एका तबेल्यात ती दोन वर्षं सॅडल सीट रायडिंग शिकत होती. हा भलताच ऐटबाज प्रकार. रायडरच्या अंगात लांब कोट, डोक्यावर गोल हॅट, पाठ ताठ! आणि घोडा असा गुडघे उचलत चालणार, जणू पाणी तुंबलेल्या रस्त्यातून धोतर सांभाळत निघालेले गृहस्थच! खोगीर मात्र पोळपाटासारखं सपाट. धरायला काही नाही, अडायला काही नाही.

"बाबा, जज फक्त रायडरला बघणारेत," सकाळी गाडीत सई म्हणाली. "आय जस्ट डोन्ट वॉन्ट टू लुक स्टुपिड. सो प्लीज, तू काही करू नकोस."

"मी कुठे काय करतो?"

शेजारी माझी बायको मंजिरी नुसतीच खोकली.

शोच्या जागी पोचल्यावर ट्रेनर लिंडानं माझ्या हातात फडकं दिलं आणि खोगीर जरा पुसून घ्यायला सांगितलं. आता नुसतं पुसणं हे काय काम झालं? शिवाय चामडं मला कोरडं वाटलं. आमच्या घरात कोरड्या दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर (दाराची बिजागरी, टाचा, माझं टक्कल) एकच उपाय. सईचा अंबाडा चापून बसवायला मंजिरीनं खोबरेलाची डबी आणलीच होती. ऑक्टोबरातल्या थंडीनं तेल थिजून पांढरंशुभ्र झालेलं. मी बोटांनी काढून चांगले तीन थर दिले. खोगीर इतकं चमकलं, की त्यात मला माझा चेहरा दिसला. खूश होता बिचारा!

सई रिंगणात शिरली. घोडे आधी चालत होते. काय तो रुबाब!

"बघ, खोगीर कसं चमकतंय," मी मंजिरीला म्हणालो.

तिनं हळूच मान वळवली. "तू काय केलंस?"

"थोडं तेल लावलं."

"कसलं?"

"खोबरेल."

"अरे, खोब..."

"ट्रॉट, प्लीज!" लाउडस्पीकर म्हणाला.

ट्रॉट म्हणजे दुडकी चाल; तिच्यात रायडरनं तालात उठायचं आणि बसायचं. सई उठत होती एका जागेवरून आणि बसत होती दर वेळी नव्या पत्त्यावर! घोडा तापला, तसं तेल वितळायला लागलं होतं.

"अरे, ती सरकतेय!"

"स्टाइल असते ती," मी म्हणालो. माझ्या आवाजालाच ते पटलं नाही.

"कँटर, प्लीज!"

घोडा झेपावत पुढे निघाला आणि सई शेपटीकडे.

"सई, धर!" मी कठड्यावर चढून ओरडलो. "काहीही धर!"

शेजारच्या अमेरिकन आजीबाईंना वाटलं, ही आमच्याकडची प्रोत्साहनाची घोषणा. त्याही ओरडल्या, "साई डर!" मग त्यांची रांग. मग पलीकडची रांग. अख्खं स्टेडियम "साई डर! साई डर!" करून टाळ्या पिटतंय आणि मंजिरी डोळे मिटून माझा दंड पिरगाळतेय!

सईनं शेवटी ऐट सोडली आणि दोन्ही हातांनी आयाळ पकडली. घोड्याच्या मानेवर आडवी होऊन, हॅट नाकावर घेऊन, तिनं ती फेरी पुरी केली. नंबर अर्थातच शेवटचा.

ती बाहेर आली. उतरायला तिला काहीच करावं लागलं नाही, पाय सोडले आणि थेट जमिनीवर! तिनं कोटाची बाही हुंगली.

"व्हाय डू आय स्मेल लाइक आजी?"

मी कबुली दिली. आता ही रायडिंग सोडणार, बहुतेक बापालाही सोडणार, या खात्रीनं मी खाली बघत उभा राहिलो.

"तीन थर?" सई म्हणाली. "आणि मी पडले नाही? बाबा, आय स्टेड ऑन दॅट?" आणि लिंडाकडे धावली. "नेक्स्ट शो कधी आहे?"

त्या आठवड्यात तबेल्याच्या सगळ्या पालकांना ईमेल आली : खोगिराला घरातून आणलेलं कुठलंही तेल, तूप, लोणी लावू नये. नाव कुणाचंच नव्हतं. (तूप मी लावलं नव्हतं, पण लिंडानं पुढचा विचार केला असावा.) ते कलम आता नियमावलीतही छापलंय.

बावीस वर्षं मी या देशात टॅक्स भरतोय. इथल्या कायद्यात माझी भर एवढीच!