व्याह्यांच्या मटणावर माझी बंदी

जर्सी सिटीतल्या एका कझाक कुटुंबाला मी त्यांच्याच घरात मटण खायला बंदी केली होती. बंदी कडक होती आणि ती त्यांनी पाळलीसुद्धा.

माझा हेतू तसा नव्हता. आमच्या निनादने आयगेरीमशी लग्न ठरवलं, तिचे आईवडील कझाकस्तानहून तिच्याकडे राहायला आले आणि त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. श्रूजबरीहून गाडीने जायचं, जेवायचं, गोड बोलायचं आणि परत यायचं, इतकंच काम. पण नुसतं जेवून परत येईल तो माणूस मी नव्हे. मी ठरवलं, व्याह्यांशी त्यांच्या भाषेत बोलायचं!

"काका, रिलॅक्स," आयगेरीम व्हिडिओ कॉलवर म्हणाली. (ती मला काका म्हणते. निनादने शिकवलेला हा एकच शब्द ती बिनचूक उच्चारते, बाकी सगळा कारभार इंग्रजीत.) "पप्पांना 'रखमेत' म्हणजे थँक यू म्हटलंत तरी ते खूश होतील."

"थँक यू कोणीही म्हणेल. मला व्याकरण सांग."

बिचारीने सांगितलं. आम्ही शाकाहारी, तेव्हा मांसाबद्दलचंच वाक्य घेतलं. येत म्हणजे मांस. 'येत जेय आलमायमिन' म्हणजे मला मांस खाता येत नाही, जमत नाही. आणि 'येत जेउगे बोलमायदी' म्हणजे मांस खायचं नाही, परवानगी नाही. पहिलं स्वतःबद्दल, दुसरं सगळ्यांना लागू.

"काका, ही दोन मिक्स करू नका हं."

"अगं, आमच्याकडेही हा फरक आहे! तळ्यात पोहता येणं वेगळं आणि तळ्यात पोहलेलं चालणं वेगळं. मला काय शिकवतेस!"

माझी नोकरीच कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायची आहे. स्वतःच्या चुका शोधायचा पगार मिळत नाही, त्यामुळे तो सराव नाही.

रस्ताभर मी स्टीअरिंगवर बोटं आपटत वाक्यं घोकत होतो.

"आलमायमिन, बोलमायदी. आलमायमिन, बोलमायदी..."

"एक्झिट गेली," सुनंदा म्हणाली. सुनंदा म्हणजे माझी बायको.

"कुठली?"

"आपली."

अडचण अशी होती की 'आलमायमिन' माझ्या जिभेवर टिकेना आणि 'जेउगे' मात्र आपोआप यायचं. कसं येणार नाही! कोकणातली एखादी मावशी ओसरीवरून हाक मारतेय असंच वाटायचं, जेवू गे! कान जे ओळखतो तेच तोंड बोलतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आयगेरीमचं अपार्टमेंट पंचविसाव्या की सव्विसाव्या मजल्यावर होतं. दार उघडल्यावर तिचे वडील येरलान यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचा सगळा जन्म रेल्वेत गेलेला, त्यामुळे हात रुळासारखा! त्यांना इंग्रजीतलं 'व्हेरी गुड' आणि 'नो प्रॉब्लेम' एवढंच यायचं. आई गुलनार, गणिताच्या शिक्षिका. त्यांनी सुनंदाला मिठी मारली, सोडली आणि नीट पाहून पुन्हा मारली.

तेवढ्यात सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. "पुरणपोळ्यांचा डबा?"

डबा गाडीत होता. मी घोकत उतरलो होतो. मग आयगेरीम आणि सुनंदा खाली गेल्या, आणि वर दोन्ही भाषा समजणारं कोणीच उरलं नाही. निनाद होता, पण त्याचं कझाक 'रखमेत'पाशी सुरू होऊन तिथेच संपतं.

गुलनारनी टेबलावर मोठं ताट आणून ठेवलं. खाली मैद्याच्या उकडलेल्या चपट्या चौकोनी पट्ट्या, त्यावर कांदा आणि कांद्यावर उकडलेल्या मटणाचा डोंगर. बेशबारमाक! आम्हा शाकाहाऱ्यांसाठी बाजूला भोपळा, सॅलड, नान, सगळं वेगळं मांडलेलं होतं. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

येरलान सुरी घेऊन उभे राहिले आणि मला वाटलं, हीच वेळ! मीही उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणालो,

"येत जेउगे बोलमायदी!"

येरलानची सुरी हवेतच थांबली.

गुलनारनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटाकडे पाहिलं. मग त्यांनी सुरी खाली ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ न देता. (मला वाटलं, माझ्या उच्चाराने थक्क झाले!) गुलनारनी ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

"बाबा," निनाद पुटपुटला, "व्हॉट डिड यू जस्ट से?"

"मला मटण खाता येत नाही म्हटलं."

"मग त्यांनी माझंही का नेलं?"

आम्ही चौघं सॅलडकडे बघत बसलो. थोड्या वेळाने येरलाननी नानाकडे बोट केलं आणि आदबीने विचारलं, "नान जेउगे बोला मा?"

मला 'नान' समजलं आणि शेवट प्रश्नाचा आहे हेही समजलं. 'नान घेणार का' असं विचारताहेत असं समजून मी मान डोलावली. "बोलादी, बोलादी!" म्हणजे चालेल, चालेल.

त्यांनी नान घेतला. गुलनारनी चहाच्या किटलीला हात लावला. "शाय इशुगे बोला मा?"

"बोलादी!"

त्यांनी चहा ओतला. मग त्या खुर्चीपाशी थांबल्या आणि अजून काहीतरी 'बोला मा' म्हणाल्या. मी उदारपणे तेही मंजूर केलं आणि त्या बसल्या. म्हणजे बाई स्वतःच्या मुलीच्या घरात बसायची परवानगी माझ्याकडे मागत होत्या आणि मी देत होतो!

पुरणपोळ्या घेऊन दोघी वर आल्या तेव्हा आम्ही चौघं कोरडा नान खात होतो, कोणी गेल्यासारखे.

"मटण कुठे गेलं?" आयगेरीमने विचारलं. मग तिने आईला कझाकमध्ये विचारलं. आईने सांगितलं. आयगेरीम माझ्याकडे वळली.

"काका, नक्की काय म्हणालात?"

मी वाक्य म्हणून दाखवलं. ती भिंतीला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. गुलनारही हसल्या. निनाद तर "यार, बाबा!" म्हणत मटण आणायला आत पळालासुद्धा.

येरलान मात्र हसले नाहीत. त्यांनी मुलीला हळू आवाजात काहीतरी विचारलं. मला फक्त शेवटचं 'बोला मा' कळलं. आयगेरीमचं हसू गेलं. तिने तुटक उत्तर दिलं, त्यावर ते पुन्हा काही बोलले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"काही नाही काका."

"सांग गं," सुनंदा म्हणाली.

आयगेरीम जरा वेळ टेबलक्लॉथ सरळ करत राहिली. मग म्हणाली, "पप्पा विचारतात, या लोकांच्या घरी माझ्या मुलीला मांस खायला परवानगी असेल का? आणि आज मांस नाही, तर उद्या आणखी काय काय नसेल? मी म्हटलं, मला कोणाची परवानगी लागत नाही. तर म्हणतात, तुला लागत नाही हे मला माहीत आहे. त्यांना माहीत आहे का, एवढंच विचारतोय."

हा माणूस हजारो मैलांवरून आला होता, मुलीला इथे ठेवून परत जाणार होता. ही भीती तो बरोबर घेऊनच आला असणार. पाहुण्यासमोर ती कधी बोललाही नसता. मी उभं राहून छातीवर हात ठेवून ती खरी आहे असं जाहीर केलं होतं! 'तिला आमच्याकडे सगळं चालेल' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि माझ्याच लक्षात आलं, ही तर पुन्हा परवानगीच झाली. चालेल म्हणणारा मी कोण?

सुनंदा व्याकरण शिकलेली नव्हती, म्हणून तिला उत्तर देता आलं.

"त्यांना सांग," ती आयगेरीमला म्हणाली, "तिला काय चालतं ते तीच ठरवेल. आम्हाला जे जमत नाही ते आम्ही शिकू. मटण खायला नाही हं. मटण खाणाऱ्यांच्या शेजारी बसून जेवायला."

आणि ती उठली. ज्याने त्याने पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये शाकाहारी डाव मांसाहारी भांड्यात जाऊ नये म्हणून टेबलापाशी पहारा देणारी माझी बायको! निनादच्या हातातलं ताट तिने घेतलं, टेबलावर ठेवलं, मोठा डाव उचलला, मान किंचित तिरकी केली, एक डोळा मिटला आणि येरलानच्या पानात मटण वाढलं. निम्मं टेबलक्लॉथवर पडलं. एका डोळ्याने वाढलं की असंच होणार.

येरलाननी त्या सांडलेल्या मटणाकडे पाहिलं, मग सुनंदाकडे.

"रखमेत, कुदागी," ते म्हणाले.

कुदागी म्हणजे विहीण. व्याह्याला कुदा. इंग्रजीत या नात्याला शब्द नाही, त्यामुळे इथल्या लोकांना मुलाच्या सासऱ्याची ओळख करून द्यायला आख्खं वाक्य लागतं. आपल्याला एक शब्द पुरतो आणि त्यांनाही पुरतो. तो शब्द त्यांनी उच्चारला आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हे लग्न नुसतं मुलांचं नाही. मग ते माझ्याकडे वळून इतक्या मोठ्याने हसले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. गुलनारनी तिसरी पुरणपोळी घेतली, कोणालाही न विचारता.

आता ते दोघं परत गेलेत आणि दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. परवा मी नवं वाक्य तयार केलं होतं. हवापाण्याचं, साधं, कोणालाच बंदी नसलेलं. येरलान पडद्यावर दिसले. मी घसा साफ केला, ताठ बसलो आणि सुरुवात करणार तोच त्यांनी हात वर केला.

"व्याही," ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "नका बोलू."

शेजारी बसलेली सुनंदा खिडकीबाहेर बघायला लागली. मी मात्र सवयीने त्यांच्या वाक्यात चूक शोधली. एकही सापडली नाही!