चक्कीवर भरलेले फॉर्म

१९८५ साली आम्ही वाकोल्यात साखरेच्या आजाराची पाहणी करत होतो. हा आजार रक्तातून उतरतो की शहराच्या खाण्यापिण्यातून येतो, हा प्रश्न होता आणि उत्तर शोधायला तीनशे घरं होती. मी बोरीवलीचा जयवंत, संख्याशास्त्राचा नवाकोरा पदवीधर आणि त्या मानानं फारच शहाणा. मालनताई सातवी पास. नवरा लवू गिरणीच्या संपानंतर घरी बसलेला, म्हणून त्या आमच्याकडे दारोदार फिरून लघवीच्या बाटल्या गोळा करायच्या. मुलाखती आम्ही घ्यायचो. कोणाचं काम मोठं, याबद्दल मला अजिबात शंका नव्हती.

आकडे मांडले तेव्हा गंमतच झाली. पुरुषांत आजार बापाकडून मुलाकडे उतरलेला स्वच्छ दिसत होता. बायकांना साखर तेवढीच, पण माहेरी कोणालाच नाही. पाहणीचे प्रमुख डॉक्टर श्यामकांत खूश झाले. बायकांचा आजार शहरानं दिलेला आहे, असा शोधनिबंध त्यांनी लिहायलाही घेतला.

मालनताई बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे खोटं आहे. सासू शेजारी बसलेली असताना कुठली सून सांगेल, माझ्या आईला रोग होता म्हणून? उद्या पोराला ताप आला तरी सासू माहेरचं रक्त काढेल."

डॉक्टर चिडले. मी जास्त चिडलो, कारण फॉर्म माझे होते. निबंध आठ दिवसांनी टपालात पडणार होता, खरं काय ते काढून आणायला मालनताईंना तेवढीच मुदत मिळाली. काही निघालं नाही तर काम सोडते, असं बाई स्वतःच बोलून बसल्या. घरात कमावतं माणूस ते एकच. मला वाटलं, यांचं डोकं फिरलंय.

त्या गेल्या पिठाच्या चक्कीवर. सासवांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दळण सुनाच आणतात. चक्की सुरू झाली की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही. मालनताई डबा घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि बाईच्या कानाशी तोंड नेऊन विचारायच्या. कागदावर नाव नाही, फक्त फॉर्मचा नंबर. दोन दिवस कोणी दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी आधी स्वतःचं सांगितलं, की माझी आई साखरेनं गेली. वीस वर्षं हे त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. मग मात्र बायका बोलू लागल्या.

आठव्या दिवशी पिठानं पांढरे झालेले कागद माझ्या टेबलावर आले. मी ते झटकत झटकत बेरीज केली, पुन्हा केली. साखर असलेल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या माहेरी ती होती. मला मनापासून लाज वाटली. डॉक्टर मात्र दिलदार निघाले. त्यांनी निबंध फाडला, मालनताईंना समोर खुर्ची दिली आणि म्हणाले, यापुढे प्रश्न कसे आणि कुठे विचारायचे ते तुम्ही ठरवायचं.

एक फॉर्म बाकी होता, मालनताईंचा स्वतःचा. तोही मीच भरला होता, सासूच्या देखत, माहेरी कोणी नाही असा.

"घरी चल," त्या मला म्हणाल्या. "तिच्यासमोरच पुन्हा भर."

सासू रत्नप्रभाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मालनताई मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "लिही. आई साखरेनं गेली. पाय कापला होता तिचा."

आता भडका उडणार म्हणून मी दाराकडे सरकलो. सुपातला हात थांबला.

"माझ्या बापाशीक पण ह्योच रोग होतो," म्हातारी म्हणाली. "ता पण लिव. चाळीस वर्सां झाली, माका कोणी इचारूकच नाय."

मी लवूचा फॉर्म काढला. आईकडच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'कोणी नाही' असं होतं. म्हणजे पुरुषांचे फॉर्मही अर्धेच खरे होते. तीनशे घरं पुन्हा करायला हवी होती, आणि या वेळी सासवांनाही विचारायला हवं होतं.

मालनताई इतक्या हसल्या की म्हातारीही हसायला लागली. मग त्यांनी दळणाचा डबा उचलला आणि सासूकडे बघून विचारलं, "येता चक्कीवर?"

रत्नप्रभाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि चपला शोधू लागल्या.