सिग्नेचा झरा आणि पेटिग्रूचं दाताळं

तर काल आपण कुत्र्यापाशी थांबलो होतो. शेजारच्या गुरंवाल्या पेटिग्रूचं ते करडं कुत्रं लंगडत लंगडत थेट सिग्ने हाउगेनच्या दारात आलं. पंजात निवडुंगाचा फडा रुतलेला. सिग्नेने त्याचं डोकं गुडघ्यांत दाबून धरलं, पक्कड घेतली आणि काटे उपसले. वर उरलंसुरलं मटणही घातलं. मी तेव्हा पेटिग्रूकडे चाकरीला होतो, कुंपणापलीकडे घोड्यावर बसून बघत होतो. म्हटलं, बाई, हे तर तुमच्या वैऱ्याचं कुत्रं. ती म्हणाली, कुत्र्याशी तिचं काही भांडण नाही. मालक लंगडत आला तर मात्र पक्कड सापडायची नाही.

अशी होती ती. उंच, हाडकुळी, डोक्यावर मेलेल्या भावाची टोपी. भावाचं घर सांभाळायला म्हणून नॉर्वेहून सास्काचेवानच्या या माळरानात आली आणि भाऊ निमोनियाने गेला. मागे राहिली जमीन आणि मेंढ्या. लोकांना वाटलं, आता विकेल नि जाईल. ती राहिली.

आता आमच्याकडची सगळी माणसं गाईगुरांची. मेंढी गवत मुळासकट खाते, मेंढी प्यायलेल्या पाण्याला गाय तोंड लावत नाही, हे आम्ही पाटी हातात धरायच्या आधी शिकतो. त्यामुळे सिग्नेला नाचाला कोणी बोलवत नसे. चर्चमध्ये तिच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी असायची. ती म्हणे, बरंच आहे, कोट पसरून ठेवता येतो.

मग ओढा आटला. त्या उन्हाळ्यात धूळ इतकी, की भाकरीसुद्धा दातांखाली करकरायची. पाणी राहिलं ते फक्त सिग्नेच्या झऱ्यात. मनगटाएवढी धार, पण अखंड. पेटिग्रूने निरोप धाडला की त्याचा कळप उद्यापासून तिथे पाणी पिईल. विचारलं नाही, कळवलं. सिग्नेने उलटा निरोप दिला की धार तिच्या मेंढ्यांना जेमतेम पुरते, कळपाने दुसरीकडे बघावं. दुसऱ्या दिवशी पेटिग्रूच्या मुकादमाने भर उन्हात, शीळ घालत, तिच्या कुंपणाची तार तोडली. गाई आत घुसल्या आणि झऱ्याचा चिखल करून टाकला. कोकरं त्या चिखलात तोंड घालून मेली.

तिने पोलीस शिपाई आणला. तो पेटिग्रूच्या घरी पोटभर जेवून आलेला. तुटलेली तार हातात घेऊन म्हणाला, गाईने तोडली असेल. आमच्या इकडच्या गाईंच्या तोंडात पक्कड असते हे तिला त्या दिवशी कळलं, असं ती पुढे सांगायची.

त्यानंतर तिने शिपायाचं नाव काढलं नाही. मेंढीचं जुनं कातडं घेतलं, त्याला दोर बांधला आणि टेकडीच्या उन्हाच्या अंगाला ते निवडुंगावरून ओढत फिरली. आमचा निवडुंग बुटका, घोट्याच्याही खाली. फडे अंगठ्याएवढे आणि सांधे असे कच्चे, की नुसता धक्का लागला तरी तुटून चिकटतात. पडेल तिथे मूळ धरतात. कातडं भरलं की ती ते तार तोडलेल्या फटीत आणायची आणि सतरंजी झोडपावी तसं झोडपायची. उन्हाळाभर तिचं हेच काम.

गाईंच्या खुरांवर फडे, नाकपुड्यांवर फडे. शेवटी त्या लांब उभ्या राहून नुसत्या हंबरायच्या, एक पाऊल पुढे टाकत नव्हत्या. कळप पार नदीवर हाकत न्यावा लागला. ते काम माझ्याच वाट्याला, म्हणून मला चांगलं आठवतंय.

पेटिग्रू भडकला. शरदात त्याने मला लोखंडी दाताळं जुंपायला लावलं. गहू पिकवणाऱ्यांची ही युक्ती हरळीवर नामी चालते: थंडीच्या तोंडावर दाताळं फिरवायचं, मुळं आभाळाकडे करायची, बाकीचं काम बर्फ करतो. चार घोडे जुंपून मी ती फट आडवी-उभी विंचरली. सिग्ने काठीवर हनुवटी टेकून बघत होती. अडवलं नाही. उलट म्हणाली, घोड्यांना पाणी पाज, त्यांच्याशीही भांडण नाही. मग मी दाताळं तसंच ओढत घरी नेलं.

हिवाळा पडला. थुंकी जमिनीवर पोचायच्या आत गोठायची अशी थंडी. निवडुंग सुरकुतला, जांभळा पडला. पेटिग्रू दुकानातल्या शेगडीपाशी बसून सगळ्यांना सांगे की म्हातारीचं पीक मेलं. निवडुंग मेला नव्हता, झोपला होता. बर्फ वितळला तसा फुगून उठला, आणि दाताळ्याने केलेल्या प्रत्येक तुकड्याचं एकेक झाड.

पण खरी गंमत पेटिग्रूच्या कुरणात. गाई विण्याच्या दिवसांत वासरं गवतात बसत आणि पोटाला फडे घेऊन उठत. आचळांना काटे लागले की गाई वासरांना लाथा घालत. एक गाय अडली म्हणून पेटिग्रू स्वतः तिच्यामागे गवतात फतकल मारून बसला. पुढे बरेच दिवस तो उभ्याने जेवला.

मग त्याने शाळेच्या खोलीत सभा बोलावली. सगळे गाईगुरांचे मालक, मागे कॉफी उकळत होती. त्याचं म्हणणं असं, की या बाईने वैराने काटे पेरले, तेव्हा तिचा झरा काढून घ्यावा आणि सगळ्यांच्या गुरांसाठी करावा. निम्म्या लोकांच्या विहिरींचं पाणी खोल गेलेलं. झऱ्याचं नाव निघताच माना डोलायला लागल्या. झरा गेला असता तर सिग्नेच्या मेंढ्या गेल्या असत्या, आणि मेंढ्यांमागून ती.

शाळेचा पंच म्हातारा टोर्वाल्ड अध्यक्ष होता. त्याने तिला विचारलं, पेरलास का? ती म्हणाली, पेरला, स्वतःच्या जमिनीत, तार तुटली तिथे. मग टोर्वाल्डने मला विचारलं की दाताळं घरी कुठल्या वाटेने नेलं. मी सांगितलं, घोड्यांच्या रानातून, वासरांच्या कुरणाच्या कडेकडेने, गोठ्यामागे. साफ केलं होतं का? नाही, तसं कोणी सांगितलं नव्हतं. कोणाची तरी कॉफी नाकात गेली.

पेटिग्रू उठला. म्हणाला, “तू नि तुझी मेंढरं उद्या इथून गेलात ना, तर मागून हाक मारायलासुद्धा कोणी येणार नाही. मुकाट्याने झरा सोड आणि तुझे काटे उचल.”

टोर्वाल्डने हात वर करायला सांगितलं, तेव्हा पेटिग्रूचा एकट्याचाच हात वर होता. झरा आजही त्याच कुंपणात वाहतो, मी परवाच प्यालो. मधे फक्त एवढंच झालं होतं, की सिग्नेने भावाची टोपी डोक्यावर चढवली, एकेकाकडे बघितलं आणि म्हणाली,

“तुझ्या कुरणातला निवडुंग तू चार घोडे लावून पेरलास, पेटिग्रू, माझ्याकडे साधं दाताळं नाही. आणि बाकीच्यांनो, झरा हवाय ना, मग आणा की गुरं. वाट त्या फटीतूनच आहे. परत जाताना ती कोणाकोणाच्या कुरणात काय घेऊन जातील, ते याला विचारा, हा उभाच आहे.”