घराबाहेरची पोथी

आमच्या माहेरी दोन पोथ्या होत्या. रामायण देवघरात आणि महाभारत विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. महाभारत घरात ठेवलं की भावाभावांत भांडणं लागतात, असं आमच्याकडे सगळेच मानायचे, अजूनही मानतात. म्हणून संत्र्याच्या बागेतल्या त्या खोलीत, स्टार्टरच्या वरच्या फळीवर, लाल कपड्यात बांधून ती पोथी ठेवलेली असायची. चातुर्मासात माझा थोरला भाऊ संध्याकाळी तिथंच ती वाचायचा. गावातली माणसं कंदील घेऊन ऐकायला जायची. बायकांनी जायचं नाही. मी डबा पोचवायला जायची आणि लिंबाखाली उभी राहून कानावर पडेल तेवढं ऐकायची.

रामायण मात्र घरात, बायकांसमोर, आरतीसकट. पोटुशी बाई रानात नेऊन सोडतात, ती पोथी घरात चालते आणि भाऊ लढतात ती चालत नाही, हे मी एकदा आईला बोलून दाखवलं. आई म्हणाली, "जास्त बोलशील तर शाळा बंद करीन." शाळा तशीही चौथीनंतर बंदच झाली.

दादाची पोथी कधी शेवटाला गेली नाही. युद्ध संपत यायचं तोवर कापूस फुटायचा आणि ऐकणारे शेतात जायचे. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पानापासून, कारण मधूनच सुरू करायचं नाही असाही नियम होता. त्याला वाचायचा होता तो अगदी शेवटचा भाग. पाच भाऊ सगळं सोडून हिमालयाकडे चालत जातात, वाटेत एकेक जण पडतो, शेवटी थोरला आणि त्याच्यामागून आलेला एक कुत्रा एवढेच उरतात. स्वर्गाच्या दारात सांगतात, कुत्रा बाहेर ठेव. तो म्हणतो, मग मीही येत नाही. दादानं हे मनातल्या मनात कितीदा तरी वाचलं असेल. पण मोठ्यानं, समोर कोणी ऐकतंय असं, कधीच नाही. पोथी म्हणजे एकानं वाचायची आणि दुसऱ्यानं ओवीगणिक 'हं' म्हणायचं. तसं झालं नाही तर वाचलं असं तो धरतच नव्हता.

म्हातारपणी काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. वहिनी आधीच गेली होती. थोरल्या मुलानं त्याला नागपूरला आपल्या फ्लॅटवर आणलं. धाकटा गावी बाग बघत होता. दोघांत वाटणीचं चाललं होतं आणि सगळं येऊन विहिरीवर अडलं होतं. बागेचे दोन तुकडे होत होते, विहिरीचे होत नव्हते.

मी दोन गल्ल्या सोडून राहते, तळमजल्यावर, दोन खोल्यांत. मालक गेले, मुलगा पुण्याला, मुलगी सासरी. स्वयंपाक आटोपला की रोज दादाकडे जाऊन बसायची. हिवाळ्यात एक दिवस तो म्हणाला, "बाई, पोथी आण वं. तू वाच, मी ऐकतो. एकदा कुत्र्यापर्यंत पोचू दे मले."

"मले जोडाक्षरं धड येत नाहीत."

"मले दिसत नाही. दोघं मिळून एक माणूस होते."

मी एसटीनं गावी गेले. धाकट्या भाच्यानं फळीवरून पोथी काढून झटकली. एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता. तो म्हणाला, "आत्या, मोठ्याच्या घरी नेऊन राहिली का? ने, ने. भांडण तिकडंच राहीन मग."

फ्लॅटच्या दारात थोरल्याची बायको आडवी उभी राहिली. "आत्याबाई, आत नका आणू. आधीच दोघं भाऊ एकमेकाचा फोन उचलत नाहीत."

"तुमच्या टीव्हीवर तर रोज चालू असते. त्यात रक्तही दाखवतात."

"ते टीव्हीवरचं आहे."

"कागदाले काहून भ्यायचं मग?"

आतून दादाचा आवाज आला, "भांडू नका वं. पोथी अजून दाराबाहेरच आहे."

तिला हसू आलं, पण दार तिनं सोडलं नाही. तिची भीती खोटी नव्हती. टीव्ही दादाला नको होता. दिसत तर नव्हतंच, आणि एक बाण सुटला की पोचेपर्यंत नुसतं संगीत वाजतं, म्हणायचा. म्हणून आम्ही खाली पार्किंगमध्ये बसायला लागलो. पार्किंग म्हणजे घर नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. चौकीदार दोन प्लास्टिकच्या खुर्च्या द्यायचा आणि सूनबाई वरून चहा पाठवायची. स्कूटरींच्या मध्ये बसून मी अक्षर लावत लावत वाचायची, दादा 'हं' म्हणायचा. कोणी गाडी काढली की थांबायचं. अडले की तो म्हणायचा, "पुढं चाल, तो शब्द मले माहीत आहे." आंधळ्या राजाला दुसरा माणूस बसून युद्ध सांगतो, तो भाग आला तेव्हा म्हणाला, "त्याले तरी महालात बसवून सांगत होते."

एकदा धाकटा गावाहून आला. वर गेलाच नाही. थोरला खाली उतरला आणि दोघं तिथंच, बापासमोर, विहिरीवरून सुरू झाले. पोथी माझ्या मांडीवर उघडी होती. धाकटा निघून गेल्यावर थोरला मला म्हणाला, "आत्या, पाहिलं? पोथी आली अन् हे झालं."

मी म्हटलं, "पोथी आता आली. विहिरीचं तुमचं दोन वर्षांपासून चालू आहे."

दादानं हातानं चाचपून पोथीवर कपडा ओढला.

मार्च सरता सरता युद्ध संपलं. मग बायका रणात आपापली माणसं शोधत फिरतात तो भाग लागला. तिथं दादाचं 'हं' बारीक झालं. मलाही भरभर वाचता येईना. आणि ऊन सुरू झालं. आमचं ऊन कसं असतं ते इथं राहणाऱ्यालाच कळतं. पार्किंगची फरशी सकाळी नऊलाच तापायची. थोरला म्हणाला, बाबांना झळ लागेल, आता बंद करा. ते बरोबरच होतं.

दादानं विचारलं, "किती राहिलं?"

मी उरलेली पानं चिमटीत धरून त्याचं बोट त्यावर ठेवलं. "एवढं."

"मग काय, पाणी पडलं की होऊन जाईन."

पोथी चौकीदाराच्या खोलीत ठेवली. दादा पाणी पडायच्या आधीच गेला. झोपेतच गेला, त्रास झाला नाही. एवढं तरी बरं झालं.

तेरवी झाल्यावर दोन्ही भाऊ एका जागी बसले. विहिरीवर नाही, पण एका गोष्टीवर त्यांचं जमलं. पोथी नदीत सोडून द्यायची. मी म्हटलं, मला द्या.

"घरात, आत्या?" थोरला म्हणाला.

"माझ्या घरात मी कोणाशी भांडू, गा? भिंतीशी?"

धाकटा हसला. सूनबाई मात्र माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. दोघींच्या मनात एकच आलं होतं, ते मला दिसत होतं.

दोन गल्ल्या. तळमजला. माझ्याकडे कूलर आहे, खाट आहे. दादाला ऑटोत बसवून आणलं असतं तर सगळा उन्हाळा तो त्या खाटेवर पडून ऐकत राहिला असता. नियम भावाभावांच्या घराचा. माझ्या घरात कोण भाऊ? रोज त्या पार्किंगमध्ये जाऊन बसत होते, आणि हे मला सुचलं नाही. सुनेला नाही, मुलांना नाही, जन्मभर पोथी वाचलेल्या दादालाही नाही. सगळ्यांनी एवढंच धरलं होतं की घरात नाही. कोणाच्या घरात, हे कोणी विचारलंच नाही.

आता पोथी माझ्याकडे आहे, रामायणाच्या शेजारीच ठेवली आहे. परवा दुपारी काढली. जिथं थांबलो होतो तिथं काडी घातलेली होती. एक ओवी वाचली आणि सवयीनं 'हं'साठी थांबले. कूलर चालू होता. काडी पुन्हा तिथंच घालून पोथी बांधून ठेवली.